उंट बांधला का? सायकलीला दिवा लावला का?

माझे अब्बू तीस वर्षं धुळ्यात पॉवरलूमवर कामाला होते. जायला-यायला सायकल. एकदा रात्रपाळी संपवून फज्रच्या आधी घरी येताना मागून टेम्पोचा धक्का लागला आणि खांद्याचं हाड मोडलं. चार महिने घरात कमाई नव्हती. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “नसीब होतं. जान वाचली, शुक्र करा.”

शुक्र आम्ही केलाच. पण टेम्पोवाल्याचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तो पळाला नाही, त्यानेच अब्बूंना दवाखान्यात आणलं. सारखं म्हणत होता, “चाचा दिसलेच नाहीत.” तो खोटं बोलत नव्हता. अब्बूंच्या अंगावर काळा स्वेटर होता. सायकलीला मागे ना दिवा, ना रेडियमची पट्टी.

आपण सगळ्यांनीच लहानपणी मदरशात ती हदीस ऐकली आहे. एका माणसाने रसूलुल्लाह (स.) यांना विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून? उत्तर मिळालं, आधी बांध, मग तवक्कुल कर. रस्त्यावर मात्र आपण उंट मोकळा सोडतो आणि अपघात झाला की नसीबावर ढकलतो. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. हे सगळं नसीबाच्या खात्यात टाकून चालणार नाही.

साधा हिशोब करा. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे येते. ड्रायव्हरला तुम्ही दिसायला दोन सेकंद उशीर झाला, तर ब्रेकवर पाय पडण्याआधीच 33 मीटर संपले. मागचा लाल दिवा हेच दोन सेकंद मिळवून देतो. तो दीड-दोनशे रुपयांत येतो. तेवढेही नसतील तर मडगार्डला आणि पेडलला रेडियम चिकटवा. पेडल वर-खाली होतं, त्यामुळे ती चमक लांबून ओळखू येते.

दुसरी गोष्ट राँग साइडची. पुढचा चौक टाळायचा म्हणून आपण सर्रास उलटे जातो आणि वर म्हणतो, “समोरून येणारी गाडी दिसते ना!” समोर बघत कडेने जाणं पायी चालणाऱ्यासाठी ठीक आहे. सायकल 15 च्या वेगाने आणि मोटारसायकल 45 च्या वेगाने समोरासमोर आली, तर दोघं 60 च्या वेगाने एकमेकांवर येतात. त्याच दिशेने चालला असता तर हा फरक 30 चा असता. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा उलट्या बाजूला बघतही नाही.

तिसरी गोष्ट ट्रकची. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे जड वाहनांशी आपली रोजची गाठ. ट्रकच्या डाव्या अंगाला, केबिनच्या जरा मागे असलेला सायकलवाला ड्रायव्हरला दिसत नाही. ट्रक डावीकडे वळला की त्याची मागची चाकं आत कापत येतात. म्हणून चौकात ट्रकच्या डावीकडून पुढे घुसू नका, मागे थांबा. उभ्या रिक्षा-मोटारीपासून हातभर लांब राहा, दार कधीही उघडतं.

बहिणींसाठी एक गोष्ट. बुरखा, अबाया किंवा ओढणी चेनमध्ये अडकून पडायची भीती खरी आहे. त्यावर मुलीची सायकल बंद करणं हा उपाय नव्हे. पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवली, टोक पिनने आवरलं की झालं. शाळा लांब आहे म्हणून सातवीनंतर घरी बसणारी मुलगी आपल्या मोहल्ल्यात नको असेल, तर एवढी सोय बापाने आणि भावाने करावी.

याचा अर्थ सगळा दोष सायकलवाल्याचा असा नाही. खड्डे, बंद पथदिवे, मातीत हरवलेली रस्त्याची कड यांचा जाब विचारलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 198अ आलं. रस्ता बांधणाऱ्या वा सांभाळणाऱ्या यंत्रणेने सुरक्षेचे मापदंड पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर तिला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अंधारी जागा दिसली की फोटो काढा, तारीख टाका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार कुठेच नोंदली जात नाही.

आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणं हे आपल्या दीनमध्ये ईमानाचा भाग आहे. एका जुम्याला नमाजनंतर चार तरुणांनी रेडियमचा रोल आणि कात्री घेऊन मस्जिदीबाहेर उभं राहावं. दारात जेवढ्या सायकली असतील तेवढ्यांना मागे पट्टी लावावी. तासाभराचं काम आहे.

अब्बू आता कामावर जात नाहीत, पण फज्रला अजून सायकलवरच निघतात. मी मागे लाल दिवा बसवला तेव्हा कुरकुरले, “ही काय वरात आहे?” आता मात्र टाळं उघडण्याआधी तो दिवा लागतो.