अख्खं पुस्तक वाचण्यासाठी

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचं नाव 'दलित पँथर' ठेवलं. एवढं जुनं नातं असताना त्या माणसांची पुस्तकं आपल्या वाचनालयात मागितली की ग्रंथपाल गोंधळून पाहतो. हे आम्हाला मान्य नाही, म्हणून ही वाचनाची चळवळ.

दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी बैरूतमध्ये गाडीत बॉम्ब ठेवून पॅलेस्टिनी लेखक घसान कनाफानींना मारलं गेलं. वय छत्तीस, सोबत तरुण भाचीही गेली. 'मेन इन द सन' ही त्यांची लघुकादंबरी १९६३ची. तीन पॅलेस्टिनी, त्यातला एक तर पोरगाच, रोजगारासाठी पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपून कुवेतला निघतात. सरहद्दीवरचे कारकून ड्रायव्हरला एका नर्तकीवरून चिडवत बसतात आणि तेवढ्या वेळात आतले तिघंही मरतात. पुढे ड्रायव्हर त्यांचे पैसे काढून घेतो, पोराच्या हातातलं घड्याळही. तोही पॅलेस्टिनीच. कनाफानी आपल्या माणसांना देव बनवत नाहीत आणि बिचारेही ठरवत नाहीत. बातमीत मृतांचा आकडा येतो. हे घड्याळ येत नाही. आम्हाला ते वाचायचं आहे.

आदिवासी लेखकांसाठी आधी अमेरिकेकडे धावायचं कारण नाही. वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम, उषाकिरण आत्राम मराठीत लिहीत आले, आणि तरी आदिवासींविषयी आपण वाचतो ते बहुधा इतरांनी लिहिलेलं. या तिघांना वाचून मग अमेरिकेतल्या आदिवासी लेखिका लेस्ली मार्मन सिल्कोंची 'सेरेमनी' घेऊ. गुलाम असताना मालकानं शिकणं बंद पाडल्यावर बॉल्टिमोरच्या गल्लीतल्या गोऱ्या पोरांना पाव देऊन अक्षरं शिकलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५चं आत्मचरित्र 'बलुतं'च्या शेजारी ठेवून वाचू.

वाचायचं ते एकत्र आणि मोठ्यानं. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी प्रकरण वाचून तिथल्या तिथे मराठीत सांगायचं. निवडक उतारे चालणार नाहीत. दया दाखवायला कुणी येऊ नये; पुस्तक आवडलं नाही तर तसं स्पष्ट म्हणावं, कारण लेखकाला लेखक मानायचं तर एवढा हक्क वाचकाला हवाच. प्रकाशकांकडे आमची मागणी आहे: ही पुस्तकं मराठीत आणा, अनुवादकाला पुरेसे पैसे द्या, त्याचं नाव मुखपृष्ठावर छापा.

सुरुवात कनाफानींपासून. आपल्या गावच्या वाचनालयाच्या मागणी-वहीत या आठवड्यात त्यांचं नाव लिहा, आणि खाली आपली सही करा.