उपग्रहाला गायरान दिसते, कसणारा का दिसत नाही?

शेती आता 'डेटा'वर चालणार म्हणे. एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. जूनमध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर झाले, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी. आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले; पाठीवरचा पंप ड्रोनने उतरवला तर आनंदच आहे. (बुडालेल्या मजुरीचे काय, हे मात्र कुणी सांगत नाही.)

प्रश्न एवढाच, की या डेटात शेतकरी कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. ओळख क्रमांक सातबाऱ्याला जोडलेला, ई-पीक पाहणी खातेदाराच्या गट क्रमांकावर चालणारी. म्हणजे गावातली जमिनीची जुनी जातवार वाटणी जशीच्या तशी मोबाईलमध्ये उतरली. शेतमजूर, बटईवाला, गायरान कसणारा यात कुठेच नाही.

गायरानाचेच बघा. 1959 आणि 1964-65 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. 1991 च्या शासन निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करायचे ठरले. तरी मराठवाड्यात आजही लोक तहसीलचे उंबरे झिजवत आहेत. कारण पुरावा लागतो. दंडाची पावती, नाहीतर गाव नमुना 1-ई मधली नोंद. ती नोंद व्हायची की नाही, हे गावात वजन कुणाचे यावर ठरत आले आहे.

आता कोणत्या वर्षी कोणत्या जमिनीवर पीक उभे होते, हे उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून बऱ्याच अंशी सांगता येते. अतिक्रमण हटवायला ती चित्रे चालणार असतील, तर कसणाऱ्याचा ताबा सिद्ध करायलाही चालली पाहिजेत. बाबासाहेबांनी 1947 साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग मानला आणि जमीन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यायला सांगितली. तिथे शेतकरी कसण्यावरून ठरतो. इथे उताऱ्यावरून.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे, येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. गायरान कसणाऱ्यांची पीक पाहणी व्हावी आणि 1-ई मध्ये नोंद घ्यावी. आणि ओळख क्रमांक शेतमजूर व बटईदारालाही मिळावा. ठरावाची प्रत सही-शिक्क्यासह घ्या, तोंडी आश्वासनावर उठू नका. जय भीम.