कुंतालाच्या वाटेवरची मैदानं

पावसाळ्यात नागपूर-यवतमाळकडच्या गाड्या पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतात, ४४ क्रमांकाच्या महामार्गानं आदिलाबाद मागे टाकतात आणि नेरडीगोंड्यापाशी कुंतालाकडे वळतात. कडेम नदी तिथे सुमारे ४५ मीटर खाली झेपावते. शेकडो पायऱ्या उतरून ती पाहायची, जमलं तर पोचेराचा धबधबाही करायचा आणि परत फिरायचं. या सहलीच्या वाट्याला आदिलाबाद शहर येतं ते चहापुरतं. माझं म्हणणं असं की इथली खेळाची, विशेषतः खो-खोची, मैदानंही मुद्दाम थांबून पाहावीत. ही कल्पना नवी नाही: अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या लीगचे ३० संघ आहेत आणि उन्हाळ्यात गाडी काढून एकेक स्टेडियम, वाटेतली एकेक दरी, असा प्रवास करणारी माणसं तिथे पुष्कळ.

यावर आक्षेप येईल की तिथलं प्रत्येक मैदान वेगळं असतं. बोस्टनचं १९१२ सालचं फेनवे पार्क घ्या. मागे लगेच रस्ता असल्यानं त्याची डावी बाजू तोकडी पडली, म्हणून तिथे ११ मीटरहून उंच भिंत उभी आहे. खो-खोचं प्रमाण मैदान मात्र कुठेही २७ बाय १६ मीटरच. त्यात काय पाहायचं? तर जमीन पाहायची. आदिलाबादची काळी माती कापसाला मानवते, खेळाला नाही. ओली झाली की ती पायाला चिकटते, वाळली की तिला भेगा पडतात. खांबाला एका हातानं धरून गरकन वळणाऱ्या पोराचा पाय अशा भेगेत गेला तर घोटा मुरगळलाच. म्हणून मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, आणि पावसाळा सरला की पुन्हा तेच. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. पण या खेळाचा पाया अशाच मैदानांवर आहे. शहरात इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियम आहे, राज्याची क्रीडा शाळा आहे, उटनूरकडे आदिवासी मुलामुलींच्या आश्रमशाळा आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: या मुलांचा तमाशा होईल. गोंड-कोलाम आदिवासींचे फोटो काढून नेणारे पुष्कळ येऊन गेले, म्हणून ही भीती रास्तच आहे. सरावाच्या वेळी तिथे जाऊच नये. स्पर्धेच्या दिवशी मात्र खेळाडूला प्रेक्षक हवाच असतो; तेव्हा मोबाइल खिशात ठेवून रेषेबाहेर बसावं आणि गडी बाद करायला मारलेल्या चांगल्या सुराला मनापासून टाळी द्यावी.

उन्हाळ्याकडे धबधबा रोडावतो, मैदान मात्र पावसाळा सरला की जागं होतं. पौष अमावास्येला जिल्ह्यातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. गोंडांतल्या मेसराम कुळाची माणसं त्याआधी गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात. तेव्हा हिवाळ्यातली सहलही रिकामी जाणार नाही. स्पर्धा कधी, कुठे, हे मात्र प्रवाशाला आधी कळायला हवं. जिल्ह्याच्या क्रीडा आणि पर्यटन खात्यांनी मिळून मंडलवार वेळापत्रक तेलुगू, मराठी आणि गोंडीतून छापावं आणि ते महामार्गावरच्या ढाब्यांवरही लावावं.