आखाजीचा हप्ता

खानदेशातील शेतकऱ्याचे वर्ष पंचांगात पाडव्याला सुरू होत असले, तरी व्यवहारात ते आखाजीलाच सुरू होते. वैशाख शुद्ध तृतीयेच्या या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, आणि त्याच सुमारास जुन्या सालदाराचा हिशेब चुकता होऊन नव्या सालाचा करार ठरतो. सणाचा गोडवा जिभेवर असतानाच घरच्या कर्त्यापुढे एक कडू प्रश्न उभा राहतो : मृगाच्या पेरणीला पैसा कोठून आणावयाचा? कापसाची आलेली रक्कम तोवर मागची देणी, लग्नकार्ये आणि दुखणी यांत संपलेली असते. अमळनेर, पारोळे, शिंदखेडे या कोरडवाहू तालुक्यांत तर आखाजी ते मृग हा महिना-दीड महिन्याचा काळ घरात रोकड नसल्याचाच काळ होय. वर्षभराच्या कर्जाची पहिली गाठ याच दिवसांत बसते.

शासनाने शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसा टाकण्याचा जो मार्ग गेल्या काही वर्षांत स्वीकारला, त्याचे मोल या गाठीवरून ठरविले पाहिजे, असे आम्हांस वाटते. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्राच्या किसान सन्मान निधीचा पहिला हप्ता निघाला. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने नमो शेतकरी महासन्मान निधी म्हणून तितकीच भर घातली. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली आणि पात्र स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. रकमा लहान आहेत. परंतु त्या लहान म्हणून क्षुल्लक ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या पगाराची तारीख कधी चुकत नाही, त्यांना तरी नाही.

शेतकऱ्याच्या हाती वेळेवर पैसा पोचविण्याचा प्रश्न या प्रदेशास नवा नाही. इंग्रजी राजवटीने १८८४ साली तगाईचा कायदा केला; पण तगाईचा अर्ज कचेऱ्यांतून फिरून येईपर्यंत पेरणीचा वाफसा निघून जात असे. १९३६ साली याच जिल्ह्यातील फैजपुरास काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि तेथे शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचा कार्यक्रम मंजूर झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली गोरवाला समितीचा अहवाल आला, तेव्हा देशातील शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास असल्याचे दिसून आले; बाकीचा बहुतेक प्रांत सावकाराचा होता. तगाई असो, सोसायटी असो, सरकारच्या पैशापेक्षा सावकाराचा पैसा महाग असूनही तो वेळेवर मिळे. त्याच्या सामर्थ्याचे रहस्य एवढेच होते.

आज सावकाराच्या जोडीला उधारीचे दुकान आले आहे. बियाणे, खत, औषध उधारीवर उचलावयाचे, किमतीत व्याज गुपचूप मिसळलेले असावयाचे, आणि कापूस फुटला की तो ज्याची उधारी त्याच्याच काट्यावर न्यावयाचा, हा क्रम खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्याने जूनमध्ये उधारी केली, त्याला नोव्हेंबरात भावाची वाट पाहण्याची मोकळीक उरत नाही. म्हणूनच जूनपूर्वी हाती आलेले दोन हजार आणि ऑगस्टात आलेले दोन हजार हे अंकांनी समान असले तरी मूल्याने समान नसतात. पहिले शेतकऱ्याला रोखीचा ग्राहक बनवितात. दुसरे उधारीच्या वहीत जमा होतात.

आता हा एप्रिल ते जुलै या मुदतीचा केंद्राचा हप्ता प्रत्यक्षात केव्हा आला, ते पाहावे. २०२१ साली तो १४ मे रोजी आला. त्या दिवशी अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजीच होती. २०२२ साली तो ३१ मे रोजी, २०२३ साली २७ जुलैस आणि २०२४ साली १८ जूनला आला. २०२५ साली तर तो २ ऑगस्टला निघाला. म्हणजे हप्त्याची स्वतःची मुदतदेखील टळून गेली. हे हप्ते एखाद्या शहरी भरलेल्या समारंभात कळ दाबून सोडले जातात. समारंभास आमचा विरोध नाही. पण मृग नक्षत्र समारंभासाठी थांबत नाही, आणि कपाशीचे बियाणे व्यासपीठाच्या सोयीने रुजत नाही.

रकमेचाही हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. २०१९ साली बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ७३० रुपये होती. एका हप्त्यात दोन पाकिटे घेऊन ५४० रुपये उरत आणि त्यांत युरियाच्या दोन गोण्या बसत. २०२५ साली तेच पाकीट ९०१ रुपयांना झाले. दोन पाकिटे घेतल्यावर उरतात १९८ रुपये. त्यांत युरियाची एक गोणीही येत नाही. केंद्राचा हप्ता मात्र २०१९ मध्ये होता तेवढाच राहिला. सन्मानाची रक्कम जागच्या जागी उभी आणि बाजार पुढे चाललेला, असे झाले की सन्मानही दरवर्षी थोडाथोडा झिजतो.

असा पैसा दारूत जातो, माणूस आळशी होतो, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेस गेले की इंदूर लागते. त्या जिल्ह्यातील आठ गावांत २०११-१२ साली ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने, कोणतीही अट न घालता, प्रत्येक माणसास दरमहा लहानशी रक्कम देऊन पाहिली आणि रक्कम न मिळालेल्या बारा गावांशी त्यांची तुलना केली. मद्यावरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. उलट लहान शेतकरी परक्याच्या मजुरीपेक्षा स्वतःच्या शेतात अधिक राबू लागले, बी-खतांवरचा खर्च वाढला, घरातला आहार सुधारला. गरीब माणसास खर्चाचे शहाणपण शिकवावे लागत नाही; त्याला खर्चण्यास काही असावे लागते, एवढाच याचा अर्थ. तेलंगणाने १० मे २०१८ रोजी रयतुबंधू योजना सुरू केली, तेव्हा एकरी ४,००० रुपये खरिपाच्या तोंडावरच देण्याचे ठरविले. पेरणीसाठी पैसा द्यावयाचा तर तो पेरणीपूर्वी द्यावा, इतके साधे तत्त्व त्यामागे होते.

तारखेप्रमाणेच दुसरा प्रश्न नावाचा आहे. हा निधी सातबाऱ्याच्या मागोमाग चालतो. त्यामुळे आखाजीला ज्याचे साल ठरते तो भूमिहीन सालदार त्यातून बाहेर राहतो. दुसऱ्याचे रान बटाईने करणारा बाहेर राहतो. आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर चार पैसे साठवून ज्याने एकर-दोन एकर विकत घेतले, तोही बाहेर राहतो. बहिणाबाई चौधरींच्या या जिल्ह्यात निंदणी, खुरपणी, कापूस-वेचणी स्त्रीच्या हातांनी होते. सातबाऱ्यावर मात्र बहुधा पुरुषाचे नाव असते. लाडकी बहीण योजनेने ही उणीव अंशतः भरून काढली. भूमिहीन मजूर स्त्रीलाही स्वतःच्या नावाचे खाते मिळाले, आणि मुलीच्या वह्यांसाठी किंवा सासूच्या औषधासाठी कोणापुढे हात पसरण्याची तिची गरज थोडी कमी झाली. हा बदल लहान म्हणता येणार नाही.

तथापि याच योजनेच्या नियमांत एक विसंगती दडलेली आहे. शेतकरी निधीचे दरमहा १,००० रुपये ज्या स्त्रीला मिळतात, तिला बहीण म्हणून फक्त उरलेले ५०० मिळतात. म्हणजे जमीन पतीच्या नावे असेल तर घरात वर्षाला बारा हजार आणि अठरा हजार मिळून तीस हजार येतात; तीच जमीन पत्नीच्या नावे असेल तर बारा आणि सहा मिळून अठराच हजार! शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि पत्नीच्या नावे जमीन करण्यास हजारो शेतकऱ्यांना प्रवृत्त केले, ते याच महाराष्ट्रात. त्याच महाराष्ट्रात पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावणाऱ्या घराला वर्षाला बारा हजारांचा दंड बसावा, हे कोणाच्याही मनात नसेल. पण नियमाचा परिणाम तोच होतो.

नावाला लागूनच ओळखीचा प्रश्न येतो. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले ते खानदेशातच, पूर्वी धुळे जिल्ह्यात मोडणाऱ्या नंदुरबारच्या टेंभली गावी. ज्या भूमीवर या व्यवस्थेचा श्रीगणेशा झाला, तेथे तरी ती माणसासाठी राबावी. परंतु विळा-खुरप्याने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही, सातबाऱ्यावरचे नाव आणि कार्डावरचे नाव एका अक्षराने जुळत नाही, आणि सातपुड्याच्या पाड्यावरील बाई एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी खेटे घालते. लाडक्या बहिणीचे हप्ते हजारो पुरुषांनीही उचलल्याचे २०२५ साली उघड झाले. तेव्हा पडताळणी हवीच. मात्र लबाडाला शोधण्याचे काम शासनाचे आहे. त्याचा सारा भार प्रामाणिक स्त्रीच्या डोक्यावर टाकणे न्यायाचे नव्हे.

एक गोष्ट आम्ही निःसंदिग्धपणे सांगू इच्छितो. खात्यातला हप्ता हा भावाचा पर्याय नव्हे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी ८,११० रुपये ठरला. पण सरकारी खरेदीची वाट पाहण्याचे त्राण नसलेला शेतकरी गावातच खेडा खरेदीला माल देतो. दहा क्विंटलांवर क्विंटलमागे बाराशे रुपये कमी पडले, तर केंद्र आणि राज्य या दोघांचा वर्षाचा सन्मान एका काट्यावर पुसला जातो. त्याचबरोबर हेही खरे की राज्याच्या तिजोरीस सीमा आहे. लाडकी बहीण योजनेसाठीच २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद करावी लागली. निवडणुकीत वचन दिलेले २,१०० रुपये त्या अर्थसंकल्पात आले नाहीत. वाढीव रकमेची वचने देण्यापेक्षा आहे तीच रक्कम ठरल्या दिवशी पोचविणे हे तिजोरीलाही परवडणारे आणि शेतकऱ्यालाही अधिक उपकारक आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. खरिपाचा हप्ता आखाजीला, आणि काही झाले तरी मे अखेरपूर्वी, खात्यात जमा होईल असे नियमानेच ठरवावे. हप्त्याची रक्कम बियाणे-खतांच्या किमतींशी जोडावी. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लागले म्हणून तिचे पैसे कापले जाऊ नयेत. सालदार आणि बटाईदार यांची नोंद ग्रामपंचायतीत करून त्यांनाही या निधीत जागा द्यावी. पडताळणी गावातच, ग्रामसभेसमोर व्हावी.

यांपैकी पहिल्या मागणीला तर एक पैसाही अधिक लागत नाही. २०२१ साली हप्ता आखाजीच्या दिवशीच आला होता. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. त्या वर्षी तो योगायोग होता. आता त्याचा नियम व्हावा. आखाजीला जशी लेक न चुकता माहेरी येते, तसा हा पैसाही न चुकता घरी यावा. म्हणजे मृगाचा पहिला पाऊस पडेल तेव्हा खानदेशचा शेतकरी उधारीच्या दुकानाची पायरी न चढता आपल्या रानाकडे निघालेला दिसेल.