आधी निदान, मग औषध

आपल्या विद्यालयाच्या वाटचालीविषयी लिहिताना शिक्षण, संघटन आणि संघर्ष या त्रिसूत्रीचा उल्लेख होतो, आणि तो उचितच आहे. परंतु ज्या शरीराच्या बळावर माणूस शिकतो, संघटित होतो आणि संघर्ष करतो, त्या शरीराच्या नित्याच्या तक्रारींविषयी आपण क्वचितच विचार करतो. मोठी शस्त्रक्रिया निघाली तर समाज वर्गणी काढून धावून जातो. ताप, खरूज, अशक्तपणा, रक्तदाब यांना मात्र आपण आजारच मानत नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, या साध्या आजारांचे निदान न करता केलेल्या उपचारांनी आपल्या कुटुंबांची फार मोठी हानी होते, आणि ती टाळणे आपल्या हाती आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. त्यांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले व अंथरुणावर निजविले. बाबासाहेबांनीही आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात भगवंतांच्या या रुग्णसेवेची नोंद घेतली आहे. त्याच प्रसंगाला जोडून महावग्गात चांगल्या रुग्णाचीही लक्षणे दिली आहेत. तो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, वेदना धीराने सोसतो आणि आजार वाढला, उतरला की तसाच आहे, हे शुश्रूषा करणाऱ्याला खरेखरे सांगतो. यातील शेवटचे लक्षण आज सर्वांत दुर्मीळ झाले आहे. रुग्ण सांगत नाही, वैद्य विचारीत नाही आणि निदानाची जागा इंजेक्शन घेते.

दवाखान्यात शिरताच “सुई द्या, बाटली लावा” अशी मागणी करणारे आपणच असतो. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चमचे साखर असते. साध्या सलाइनमध्ये तर केवळ मीठ आणि पाणी. ज्याला तोंडाने खाता-पिता येते, त्याला त्या बाटलीतून कोणती शक्ती मिळणार? सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. ती उगाच घेतली तर जंतू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध निकामी ठरते. याउलट दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला साधा मानू नये. थुंकीची तपासणी करून क्षयरोग आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे. ती तपासणी व क्षयरोगाचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. साधा आजार आणि साधा दिसणारा आजार यांतील भेद ओळखणे, हेच कुटुंबवैद्याचे खरे कौशल्य होय. जो डॉक्टर तपासून “इंजेक्शनची गरज नाही” असे सांगतो, त्याला आपण कमी प्रतीचा समजतो, ही आपल्या विवेकाची हार आहे.

वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही खरूज ठाऊक नाही असे होणार नाही. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ आणि रात्री वाढणारी खाज, एवढ्यावरून ती ओळखता येते. ती एका बारीक किड्यामुळे होते. रक्त खराब झाल्यामुळे किंवा गरिबीच्या शापामुळे नव्हे. पर्मेथ्रिन पाच टक्के हे मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावावे आणि आठवड्याने पुन्हा लावावे, हा तिचा परिचित उपचार. तरीही ती उलटते, कारण खाजणाऱ्या एकट्याच मुलाला मलम दिले जाते. एका खोलीतील सर्वांनी, घरी गेल्यास घरातील सर्वांनी, एकाच रात्री उपचार घेतला आणि कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळविली, तरच ती जाते. परस्परावलंबनाचा जो सिद्धांत आपण धम्मवर्गात शिकतो, त्याचा इतका प्रत्यक्ष धडा दुसरा नसेल.

मुलींच्या अशक्तपणाकडे आपण याहूनही अधिक दुर्लक्ष करतो. चेहरा फिकट, जिना चढताना धाप, अभ्यासात लक्ष नाही, आणि घरचे म्हणतात, “आळशी झाली आहे.” स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. पण रक्तक्षय हे निदान नव्हे, ती निदानाची सुरुवात आहे. लोह कमी आहे, पोटात जंत आहेत, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, की सिकलसेल आहे? विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत, म्हणजे आपल्या समाजातही, सिकलसेल आढळतो. वारंवार हातपाय दुखणे, डोळे पिवळे होणे, रक्त कमी होणे ही त्याची लक्षणे. अशा रुग्णाला लोहाची कमतरता सिद्ध झाल्यावाचून लोहाच्या गोळ्या देत राहणे योग्य नव्हे. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात, पण त्यासाठी आधी आजार कळायला हवा. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः आजारी नसतो, त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. सोयरीक जुळविताना कुंडली न पाहणारा आपला समाज रक्ततपासणीचा कागद पाहायला का कचरतो, हा प्रश्न आम्ही नम्रपणे, पण आग्रहाने विचारतो.

आता प्रौढांविषयी. बाबासाहेबांचे शरीर अखेरच्या वर्षांत मधुमेहाने पोखरले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ वर्षांचे होते. ज्या साधनांची त्या काळी वानवा होती, ती आज गावच्या आरोग्य केंद्रात आहेत. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरणे, उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक असणे, हे इशारे आहेत. या दोन्ही आजारांत वर्षानुवर्षे काहीच दुखत नाही, म्हणून माणूस गोळी सोडून देतो. मग एके दिवशी पक्षाघात होतो किंवा मूत्रपिंडे निकामी होतात. मुंबई-पुण्यात स्थिरावलेले आपले माजी विद्यार्थी गावी आईवडिलांना दरमहा पैसे पाठवितात, हे अभिमानास्पद आहे. परंतु आईचा रक्तदाब किती आणि वडील कोणती गोळी घेतात, हे त्यांपैकी किती जणांना सांगता येईल?

यासाठी मोठे रुग्णालय उभारावे लागत नाही. प्रत्येक कुटुंबाने एक वैद्य धरावा आणि दर आजाराला दवाखाना बदलू नये. प्रत्येकाची एक वही असावी. तपासण्या, औषधांची नावे आणि कोणत्या औषधाने त्रास झाला, याची नोंद तीत राहावी. १४ एप्रिलला प्रतिमेस पुष्पहार अर्पण केल्यावर त्याच विहारात तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा. विद्यालयाने प्रवेशाच्या वेळीच हिमोग्लोबिन व सिकलसेल यांची तपासणी करावी आणि तिचा निकाल गुप्त राखून पालकांना समजावून सांगावा. आणि या विद्यालयातून शिकून जे डॉक्टर झाले, त्यांच्याकडे आमचे एकच मागणे आहे. रुग्णाला दहा मिनिटे बोलू द्या, त्याच्या आजाराचे नाव आणि कारण त्याच्याच भाषेत सांगा.

दुःखाचे कारण शोधल्यावाचून दुःख निवारता येत नाही, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती तापाला, खरजेला आणि रक्तदाबालाही लागू आहे.