काचपट्टीमागचे श्रम

स्तनातील गाठीचा तुकडा शस्त्रक्रियागृहातून बाटलीत येतो आणि काही दिवसांनी कर्करोग आहे अथवा नाही, एवढा निर्णय कागदावर उमटतो. त्याखाली डॉक्टरांची सही असते. ज्या हातांनी तो तुकडा काचपट्टीवर आणला, त्यांची नोंद त्या कागदावर नसते.

हे काम घाईचे नव्हे. शरीरापासून सुटलेली ऊती लगेच नासू लागते. म्हणून ती निदान दहापट फॉर्मालीनमध्ये बुडवावी लागते. स्तनाच्या नमुन्यासाठी ही मुदत ६ ते ७२ तासांची मानतात. पुढे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढायचे, झायलीनने अल्कोहोल काढायचे, वितळलेले पॅराफिन आत मुरवून ठोकळा बांधायचा आणि मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. कोमट पाण्यावर तरंगणारा काप सुरकुती न पडू देता काचेवर उचलणे हे केवळ सरावाने साधते. मग रंग देणे. यांपैकी पहिल्याच पायरीवर ऊती नासली, तर पुढचे कोणतेही यंत्र ती चूक निस्तरू शकत नाही.

शासकीय रुग्णालयांतील तपासण्या कंत्राटाने देण्याची पद्धत आता रुळली आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची म्हटल्यावर काटकसर होणार कोठे? यंत्राचा हप्ता टळत नाही. उरतात रसायने, वेळ, वायुवीजन आणि तंत्रज्ञाचे वेतन. मग बाटलीत फॉर्मालीन अपुरे पडते, तेच झायलीन पुनःपुन्हा वापरले जाते, वाफ खेचणारा पंखा नादुरुस्तच राहतो. निविदेत न दिसणारा हा खर्च कोणीतरी भरतोच: पुन्हा बायॉप्सीला यावे लागणारी, एक दिवसाची मजुरी बुडालेली स्त्री, आणि दिवसभर ती वाफ श्वासात घेणारा तंत्रज्ञ.

ती वाफ साधी नाही. लियोंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दहा लाख भागांत ०.७५ भाग ही मर्यादा १९९२ साली ठरली. कर्करोग शोधणाऱ्यांनाच त्याची जोखीम घ्यावी लागावी, हा विपर्यास अटळ मुळीच नाही.

खर्चाचा आक्षेप अर्धाच खरा आहे. वाफ खेचणारी बंदिस्त कपाटे महाग पडतात, हे मान्य. परंतु झाकणाच्या बरण्या, चालू पंखा आणि मोजून भरलेल्या फॉर्मालीनच्या बाटल्या महाग नाहीत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या व्यवसायाला मान्यता दिली. आता तंत्रज्ञाच्या मेजापाशी हवेतील फॉर्मल्डिहाइड ठरावीक काळाने मोजावे, तो आकडा भिंतीवर लावावा, आणि हे न करणाऱ्या कंत्राटदाराची निविदा दर न पाहताच बाद करावी, अशी अट रुग्णालयांनी करारातच घातली पाहिजे.