सायकल दिली, पंप कोणी द्यायचा?

छत्रपती संभाजीनगरातून रविवारी पहाटे दौलताबादच्या रस्त्याला लागणारे हौशी सायकलस्वार पाहिले, तर बहुतेकांच्या आसनाखाली एक लहानशी पिशवी बांधलेली दिसते. तिच्यात एक जादा ट्यूब, टायर कडेवरून उचलण्यासाठी प्लॅस्टिकचे दोन-तीन लिव्हर, ठिगळांची डबी, सोल्यूशनची नळी आणि षट्कोनी पान्यांचा जुडगा असतो. सायकलीच्या दांडीला वीतभर लांबीचा पंप लावलेला असतो. काहींजवळ तर सोळा ग्रॅम कार्बन डायऑक्साइडने भरलेली पोलादी नळकांडी असतात. नळकांडे फोडले की चाक क्षणात फुगते. हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो व घरी परतल्यावर पुन्हा पंपच मारावा लागतो, ही गोष्ट अलाहिदा. खुलताबाद-वेरूळच्या वाटेवर काटा लागला तरी ही मंडळी अर्ध्या तासाच्या आत मार्गस्थ होतात.

सोमवारी सकाळी त्याच शहरातून चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या सायकली पाहाव्यात. कॅरियरला जेवणाचा डबा अडकवलेला असतो. पंप नसतो, ठिगळ नसते, लिव्हर नसतो. ज्याच्या सायकलीला काटा लागला तर फार तर सहलीचा विरस व्हायचा, तो सर्व सिद्धतेनिशी निघतो. आणि ज्याची अर्ध्या दिवसाची मजुरी त्या काट्यावर अवलंबून असते, तो रिकाम्या हाताने निघतो. कंत्राटी कामगाराला दारावर झालेला उशीर किती महाग पडतो, हे सांगण्यासाठी कोणा अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

कष्टकरी माणूस निष्काळजी असतो, असा निष्कर्ष यावरून काढण्याची घाई मध्यमवर्गीय मन करील. वस्तुतः कारण अगदी वेगळे आहे. एके काळी या सामग्रीची त्याला गरजच नव्हती, कारण ती सर्व सामग्री चौकाचौकांत उभी होती. सायकली तासाच्या भाड्याने देणारे दुकान, त्यासमोर पाण्याने भरलेले घमेले, उभा लोखंडी पंप आणि पायाखाली ट्यूब दाबून बसलेला कारागीर हे मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाचे दृश्य होते. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे जेथून येतील तेथे खूण करायची, ती जागा घासून खरखरीत करायची, सोल्यूशन लावायचे, ते सुकू द्यायचे आणि मग ठिगळ दाबायचे. हे काम काही पैशांत, पुढे काही रुपयांत होत असे. सायकलस्वाराचा पाना त्याच्या खिशात नव्हे, समाजाच्या खिशात होता, असे म्हणावयास हरकत नाही.

ती व्यवस्था गेल्या दोन-तीन दशकांत मोडकळीस आली. दुकाने आहेत, पण ती दुचाकींची झाली. मोटारसायकलच्या नळीविरहित टायरमध्ये रबराची दोरी खुपसली की पंक्चर निघते. चाक सोडवावे लागत नाही आणि मोबदलाही बरा मिळतो. सायकलीचे चाक उघडून ट्यूब बाहेर काढण्यास लागणारा वेळ कारागिराला परवडत नाही. त्याला दोष देता येणार नाही. तोही पोटासाठीच बसला आहे. उलट या कारागिराच्या वाट्याला अलीकडे एक नवाच अपमान आला आहे. एखाद्या समाजाला हिणवायचे असेल तर राजकीय भाषणांतून त्याला पंक्चर काढणारे म्हणतात. दुसऱ्याचे अडलेले चाक चालू करून देणे ही ज्यांना शिवी वाटते, त्यांनी आयुष्यात एकदाही सायकल ढकलत नेलेली नसावी.

सायकल काही संपलेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे ती होती. संपत चालला आहे तो तिच्यामागचा आधार. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला आणि शेकडो कामगार रस्त्यावर आले.

हवेचेच पाहा. पेट्रोलपंपावर हवा मोफत मिळाली पाहिजे, असा नियम आहे. परंतु तेथील नळीचे तोंड मोटारींच्या व्हॉल्व्हसाठी घडवलेले असते. साध्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा. त्यातील आतल्या नळीवर रबराची बारीक वालट्यूब चढवलेली असते आणि पेट्रोलपंपाची नळी त्यावर सरळ बसत नाही. जो पेट्रोल जाळतो त्याला हवा फुकट. जो थेंबभरही जाळत नाही त्याने ती विकत घ्यावी किंवा पायी जावे! एक साधा जोड प्रत्येक पंपावर बांधून ठेवणे तेल कंपन्यांना अशक्य आहे काय?

या प्रश्नाची खरी तीव्रता कामगारापेक्षाही शाळकरी मुलीच्या बाबतीत जाणवते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाचे आयुक्तालय याच शहरात आहे. या कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे दिले जातात. २०२२ साली ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आली. योजना उत्तम आहे, यात शंका नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अभ्यासकांना मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, आणि सर्वाधिक लाभ शाळा दूर असलेल्या गावांना झाला. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरता चळवळीने सायकल शिकण्याची जोड दिली, तेव्हा हजारो ग्रामीण स्त्रिया सायकलीवर बसल्या. चाक बाईच्या हाती आले की तिचे जग किती कोसांनी वाढते, हे यापुढे सिद्ध करावे लागू नये.

परंतु मराठवाड्यातल्या शेतरस्त्यावर हे चाक किती दिवस फिरते? पावसाळ्यात पसरलेला सराटा पुढे वाळतो आणि त्याची टणक काटेरी फळे वाटेभर पडतात. वेड्या बाभळीच्या फांद्या कुंपणासाठी बाराही महिने ओढून नेल्या जातात. अशा वाटेवर पंक्चर हा अपघात नव्हे, नित्यक्रम आहे. वाडीत दुकान नाही. ट्यूब शहरात नेण्यास वडिलांना सवड नाही. दोन दिवस शाळा बुडते, मग आठवडा बुडतो, आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते. शासनाच्या दप्तरी मात्र खरेदीची पावती जोडलेली असते आणि लाभार्थी म्हणून मुलीची नोंद कायम राहते.

या सर्वांवरील तोडगा खर्चिक नाही. दोन लोखंडी लिव्हर, चाकाचे नट सोडवण्यासाठी एक पाना, घासण्यासाठी पॉलिशपेपरचा तुकडा, ठिगळे, सोल्यूशन, हातभर वालट्यूब आणि एक हातपंप एवढे पुरे. हे सगळे पाचशे रुपयांच्या आत बसते. सोल्यूशनची नळी मात्र एकदा उघडली की आतील द्रावक उडून जाते व काही महिन्यांत ती वाळते. म्हणून लहान नळी घ्यावी आणि दर वर्षी बदलावी. ठिगळ चिकटत नाही ते बहुधा घाईमुळे: सोल्यूशन ओले असतानाच ते दाबले जाते. आणि काटा टायरमध्येच राहिला असेल, तर उत्तम ठिगळाचाही उपयोग नाही. टायरच्या आतून कापडाचा बोळा संपूर्ण फिरवून काटा कोठे अडतो ते पाहिल्याखेरीज ट्यूब पुन्हा घालू नये. साधी वालट्यूब सडली तरी चाक रोज सकाळी बसलेले सापडते. अशा वेळी ठिगळ नको, ती नळी तेवढी बदलायची. हे ठाऊक नसलेला माणूस नाहक पंक्चरचे पैसे मोजून येतो.

हे ज्ञान शाळेत का दिले जाऊ नये? हाताने काम करीत शिकण्याचा विचार वर्ध्याला १९३७ साली मांडला गेला. आपल्या शाळांत कार्यानुभवाचा तास आला, पण तो बव्हंशी कागदी फुलांत आणि पुठ्ठ्याच्या घरांत संपतो. त्याच तासात एक जुने चाक आणि पाण्याचे घमेले वर्गात आणले, तर आठवीची मुलगी दोन तासिकांत पंक्चर काढावयास शिकेल, आणि मुलगेही शिकतील. अनुदानाच्या रकमेत वरील सामग्रीची तरतूद करावी. ज्या शाळेत अशा सायकली येतात तेथे एक उभा पंप कायम ठेवावा व त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणावर, हे लेखी ठरवावे. औद्योगिक वसाहतींतील कामगार संघटनांनीही वाहनतळात पंप आणि ठिगळांची पेटी ठेवण्याची मागणी करावी. मोटारींसाठी छप्पर घालणाऱ्या व्यवस्थापनाला ती नाकारण्यास सबब उरणार नाही. पुढचे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल आणि सराटा त्यानंतर काही महिन्यांत वाळेल. आयुक्तालयाने निर्णय घ्यावयाचा तो त्याआधी.